दिवे गेले : आता काय करावे?

संध्याकाळची वेळ आहे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होण्याच्या बेतात आहे, मुले बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसली आहेत, आजोबा बातम्या ऐकत आहेत. इतक्यात सारे घर काळोखात बुडते. पंख्याची पाती मंदावत थांबतात, बातमी अर्ध्यावर तुटते आणि आतून हाक येते, "अरे, दिवे गेले वाटतं!"

वाचकहो, यानंतरच्या दोन मिनिटांत आपल्या घरी काय घडते, ते एकदा आठवून पाहा. एक जण चाचपडत विजेरी शोधतो, दुसरा काड्यांची पेटी, तर तिसरा तडक मीटरच्या पेटीकडे धावतो आणि हाताला लागेल तो खटका खालीवर करू लागतो. प्रत्येकाला काहीतरी करावयाचे असते, परंतु नेमके काय करावयाचे, हे बहुधा कोणासच ठाऊक नसते.

वास्तविक अंधार स्वतः कोणाला इजा करीत नाही. इजा होते ती अंधारात केलेल्या उतावळेपणामुळे. म्हणून वीज गेल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार दिवे लखलखीत असतानाच करून ठेवणे इष्ट होय.

प्रथम उजेड, मग शोध

दिवे जाताच जो जेथे असेल त्याने क्षणभर तेथेच थांबावे. डोळे अंधाराला सरावण्यास थोडा अवधी लागतो. तेवढ्यात लहान मुलांना हाक मारून जागच्या जागी बसावयास सांगावे. गॅसवर काही चढवलेले असेल तर तिकडे मोठ्या माणसाने लक्ष द्यावे. कपड्यांवर इस्त्री टेकलेली असेल तर ती उचलून तिचा प्लग काढावा.

उजेडासाठी विजेरी किंवा भ्रमणध्वनीचा दिवा सर्वांत चांगला. मेणबत्ती लावावयाची झाल्यास ती रुंद बशीत किंवा ताटलीत घट्ट बसवावी आणि पडदा, अंथरूण, वह्यापुस्तके यांपासून दूर ठेवावी. जळती मेणबत्ती मुलांच्या खोलीत सोडून झोपी जाणे तर सर्वथा टाळावे. आणखी एक दक्षता विसरता कामा नये. अंधारात गॅसचा वास येत असल्यास काडी ओढू नये, कोणतेही बटण दाबू नये. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, सिलिंडरचा झडप-खटका बंद करावा, सर्वांना घेऊन बाहेर यावे आणि मग १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवावे.

अंधार कोठवर पसरला आहे?

उजेडाची सोय झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा अंधार कोठवर पसरला आहे? खिडकीतून बाहेर पाहिले की उत्तर मिळते, आणि पुढचे काम कोणाचे हेही त्या उत्तरानेच ठरते.

फक्त एकाच खोलीतील दिवे गेले असतील, तर दोष त्या खोलीच्या मंडलात आहे. सारे घर अंधारात असून शेजारी उजेड असेल, तर मीटरकडे पाहावे. मीटरवरील आकडे दिसत असतील तर वीज आपल्या दारापर्यंत आलेली आहे आणि अडचण घरातील आहे. मीटरच निपचित असेल तर वीज तेथवर पोहोचलेलीच नाही. आधी पैसे भरून वापरावयाचे मीटर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी शिल्लक संपली नाही ना, हेही पाहावे. पुष्कळदा 'बिघाड' तेवढाच असतो. सारी गल्ली काळोखात असेल तर दोष तारेत, खांबावर किंवा रोहित्रात आहे आणि तेथे आपले काही काम नाही.

एक लक्षण मात्र वेगळे ओळखावे. काही वेळा वीज पुरती जात नाही. काही दिवे मिणमिणतात, तर काही डोळे दिपतील इतके प्रखर होतात. मोठ्या इमारतीत वीज तीन फेजमधून येते आणि निरनिराळ्या घरांना वाटली जाते. त्या सर्वांची समाईक न्यूट्रल तार तुटली, तर ज्या घरात २३० व्होल्ट यावयाचे, तेथे ४०० च्या जवळपासही दाब येऊ शकतो. अशा वेळी प्रत्येक उपकरणाकडे धावत बसू नये. मुख्य खटका तत्काळ बंद करावा आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगावे.

पडलेला खटका काय सांगतो?

आता अडचण आपल्याच घरातील आहे असे समजू. हात व पाय कोरडे करून, पायात चप्पल घालून वीजपेटीजवळ जावे. तेथे एखादा खटका खाली आलेला दिसेल. पुष्कळ जण त्याला बिघाड म्हणतात. तो बिघाड नव्हे. बिघाड ओळखून आपल्याला सावध करणारा तो पहारेकरी आहे.

असे पहारेकरी दोन प्रकारचे असतात. ज्याला आपण एम.सी.बी. म्हणतो, तो तारांचे रक्षण करतो. त्यात दोन धातूंची एक जोडपट्टी असते. तारेतून मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की ती तापून वाकते आणि खटका पडतो. दोन तारा एकमेकींस चिकटून प्रवाह एकदम उसळला, तर त्यातील विद्युच्चुंबक क्षणार्धात खटका खेचतो.

दुसरा पहारेकरी आर.सी.सी.बी. हा माणसांचे रक्षण करतो. एका तारेने घरात गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने पुरता परत येतो की नाही, याचा हिशेब तो सतत ठेवतो. त्यात तूट आली, म्हणजे वीज कोठेतरी, कदाचित एखाद्याच्या शरीरातून, जमिनीत उतरत आहे. घरगुती वापरासाठी ही तूट सामान्यतः ३० मिलिअँपिअर धरलेली असते. एवढ्या अल्प गळतीवर हा खटका एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. त्यावर परीक्षेचे एक लहान बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. दाबताच खटका पडला नाही, तर पहारेकरी झोपला आहे असे समजून तो बदलून घ्यावा.

एम.सी.बी. बहुधा का पडतो, याचे एक सोपे गणित पाहा. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडील एखाद्या घरी २,००० वॅटचा गीझर, २,००० वॅटचा हीटर आणि १,५०० वॅटची विजेची किटली एकाच मंडलावर चालू आहेत. एकूण ५,५०० वॅट झाले. त्यास २३० ने भागले की प्रवाह येतो सुमारे २४ अँपिअर. त्या मंडलावरील एम.सी.बी. मात्र १६ अँपिअरचा आहे. तो पडणार नाही तर काय होईल? येथे उपाय एकच : ही उपकरणे एकामागून एक वापरावीत.

कारण तसे उघड नसेल, तर त्या मंडलावरील सर्व उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत. नुसती बटणे बंद करणे पुरेसे नसते, कारण बटण बंद असूनही बिघडलेल्या उपकरणातून गळती चालू राहू शकते. मग खटका आधी पूर्णपणे खाली ओढून नंतर वर करावा. अर्ध्यावर अडकलेला खटका तसाच वर ढकलल्यास पुष्कळदा टिकत नाही. तो टिकला, तर एकेक उपकरण लावून पाहावे. ज्याच्या वेळी तो पुन्हा पडेल, ते दोषी. ते बाजूला काढून दुरुस्तीस द्यावे. पावसाळ्यात गच्चीवरचा किंवा अंगणातला ओला दिवा आणि एरवी जुना गीझर हे नेहमीचे संशयित असतात.

परंतु सर्व प्लग काढल्यावरही खटका पुन्हा पडला, तर तेथेच थांबावे. दोष भिंतीतील तारांत आहे. आता मुख्य खटका बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. एकदा वर करून पाहणे ही तपासणी झाली. पुन:पुन्हा वर करीत राहणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड दाबणे होय.

एका तारेची गोष्ट

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याला कारण आहे. माझ्या लहानपणी आमचे बिऱ्हाड मध्य प्रदेशातील एका गावी होते. लाकडी पट्टीवरून नेलेल्या जुन्या तारा, आणि दाराशेजारी चिनी मातीचे फ्यूज. त्या वर्षी दिवाळीत पाहुणे आले आणि घरचा फ्यूज दिवसातून दोनदा उडू लागला. फ्यूजची तार केसासारखी बारीक. ती वितळली की काका नवी बसवीत. तिसऱ्या दिवशी ते वैतागले आणि त्यांनी एका जुन्या वायरीतील तांब्याचे जाड पदर पिळून फ्यूजमध्ये घातले. "आता बघू कसा जातो!" असे ते म्हणाले, आणि खरोखरच तो पुन्हा गेला नाही. सर्वांनी त्यांचे कौतुक केले.

चौथ्या रात्री आजीला जाग आली ती जळक्या रबराच्या वासाने. स्वयंपाकघरामागील भिंतीवरची लाकडी पट्टी आतून धुमसत होती आणि ठिणग्या खाली वाळत घातलेल्या धोतरावर पडत होत्या. वडिलांनी मुख्य खटका ओढला, मग कोरड्या वाळूने आग विझवली. कोणास काही झाले नाही. पण ती पट्टी ज्या खोलीच्या भिंतीवरून पुढे गेली होती, त्या खोलीत आम्ही पाच मुले झोपलो होतो. पुढे भिंतीला चुना दिला तरी तो काळा पट्टा पुसट दिसतच राहिला. काकांनी त्याविषयी पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. मात्र फ्यूजच्या तारेचे लहान रीळ तेव्हापासून त्यांच्या कपाटात कायम असे.

फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दामच. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ती उष्णता कोठेतरी बाहेर पडणारच. बारीक तार स्वतः वितळून बाकीच्या तारा वाचवते. तिच्या जागी जाड तार घातली, तर वितळण्याची पाळी भिंतीतील तारांवर येते. आजही ज्या घरांत जुने फ्यूज आहेत, तेथे ठरलेल्या जाडीचीच तार वापरावी. खटके असलेल्या घरांत १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवून घेणे, हा त्या जाड तारेचाच नवा अवतार होय.

अंधार गल्लीत असेल तर

सारी गल्लीच अंधारात असेल, तर आपल्या वीजपुरवठादारास कळवावे. त्यासाठी १९१२ हा क्रमांक ठेवलेला आहे. ग्राहक क्रमांक हाताशी असल्यास तक्रार लवकर नोंदवली जाते, म्हणून तो जुन्या देयकावरून उतरवून वीजपेटीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा. ३१ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या वीजग्राहक हक्क नियमांनुसार ठरवून केलेल्या खंडाची सूचना आधी मिळणे आणि अचानक बिघाड झाल्यास पुरवठा केव्हा सुरू होईल याचा अंदाज कळणे, हा ग्राहकाचा हक्क आहे.

परंतु खांबावरचा किंवा रोहित्राजवळचा फ्यूज बांबूने ढकलून बसवण्याचे धाडस कोणीही करू नये. खेड्यापाड्यांत असे 'जाणकार' असतात आणि शंभर वेळा त्यांना यशही येते. परंतु एकशे एकाव्या वेळेची चूक सुधारावयास तो माणूस मागे उरत नाही. वाऱ्यापावसात तार तुटून खाली पडली असेल, तर ती मृत आहे असे कधीच समजू नये. तिच्यापासून निदान १० मीटर दूर राहावे, मुलांना व गुराढोरांना दूर ठेवावे आणि कळवावे.

कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावण्याची ऊर्मी आवरावी. आधी मुख्य खटका बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असल्यास ११२ वर मदत मागवून छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या वेगाने जोराने दाब देत राहावे. हा उपाय घरगुती पुरवठ्यासाठी आहे. उच्च दाबाच्या तारेजवळ वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जाऊच नये.

अंधार साऱ्या देशात असेल तर

कधी कधी अंधार फार दूरवर पसरतो. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी १ च्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी बंद पडली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नाहीशी झाली. आरंभ झाला तो बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर. तिच्यावर भार फार झाला, तिच्या पहारेकऱ्याने ती तोडली, तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला आणि त्याही एकामागून एक तुटत गेल्या. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि शहर पूर्ववत होण्यास कित्येक तास लागले.

अशा वेळी "एवढा वेळ का लागतो?" असे आपण विचारतो. वीजनिर्मिती आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. बंद पडलेले जाळे उभे करताना आधी बाहेरच्या विजेवाचून सुरू होऊ शकणारी केंद्रे चालू करतात. त्यांत जलविद्युत् केंद्रे मोठी उपयोगी पडतात. मग थोडी निर्मिती, थोडा भार, पुन्हा थोडी निर्मिती, असे पाऊल टाकत पुढे जावे लागते. लाखो घरांतील पंखे, पंप आणि वातानुकूलन यंत्रे बटण चालूच राहिल्यामुळे एकदम सुरू झाली, तर ते नाजूक जाळे पुन्हा कोसळू शकते. म्हणून अंधारात बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला एक लहानसे काम आहे : सर्व मोठ्या उपकरणांची बटणे बंद करावीत आणि वीज आल्याचे कळावे म्हणून एकच दिवा चालू ठेवावा. यात आपल्या उपकरणांचेही हित आहे, कारण वीज परत येताना दाब काही काळ वरखाली होतो.

वाट पाहताना

वीज लवकर येण्याची चिन्हे नसतील, तर फ्रिजचे दार उघडू नये. बंद ठेवलेला फ्रिज साधारणतः चार तास अन्न सुरक्षित राहील इतका थंड राहतो. त्यानंतर दूध, मांस-मासळी, शिजवलेला भात यांबाबत चाखून पाहण्याचा मोह टाळावा. अन्न बिघडल्याचे चवीवरून नेहमीच कळत नाही. घरात इन्सुलिन असेल तर घाबरू नये. वापरात असलेली कुपी सामान्यतः चार आठवड्यांपर्यंत बेताच्या तापमानात टिकते आणि तापमानाची मर्यादा वेष्टनावर छापलेली असते. उन्हाळ्यात ती ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवावी. बर्फावर मात्र ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. ज्यांच्या घरी विजेवर प्राणवायू देणारे यंत्र चालते, त्यांनी भरलेला सिलिंडर जवळ ठेवणे हा काही हौसेचा भाग नव्हे, ती गरज आहे.

लिफ्टमध्ये अडकल्यास घंटा वाजवावी आणि थांबावे. दोन मजल्यांच्या मध्ये दार फाकवून बाहेर उडी घेण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरतो. जनित्र खोलीत, बंद सज्जात किंवा खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपलेल्या माणसास जागही येऊ देत नाही. थंड प्रदेशात हीटर बंद पडल्यावर बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीचा धोकाही हाच. तसेच जनित्र घराच्या तारांना परस्पर जोडू नये. त्याची वीज उलट दिशेने खांबापर्यंत जाते आणि 'वीज बंद आहे' अशा समजुतीने वर चढलेल्या लाइनमनचा प्राण घेऊ शकते. दोन्ही पुरवठे एकमेकांपासून अलग ठेवणारा बदल-खटका वायरमनकडून बसवून घ्यावा. इन्व्हर्टर असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मुख्य खटका बंद केला तरी इन्व्हर्टरवरील तारांत वीज असतेच.

वीज परत आली की पाचेक मिनिटे थांबावे. दिवा स्थिर राहिला की आधी फ्रिज, मग पंखे आणि शेवटी जड उपकरणे, अशा क्रमाने सुरुवात करावी.

एका रविवारची तयारी

वाचकहो, या साऱ्याची तालीम एखाद्या रविवारी सकाळी करून पाहण्यासारखी आहे. वीजपेटी उघडून कोणता खटका कोणत्या खोलीचा, हे एकेक बंद करून पाहावे आणि त्यावर शाईने नावे लिहावीत. विजेरीची एक जागा ठरवावी आणि ती तेथून कोणीही हलवू नये. मुख्य खटका कोठे आहे, हे आजीपासून शाळकरी मुलापर्यंत प्रत्येकाला दाखवावे. कारण ज्या दिवशी त्याची खरी गरज पडेल, त्या दिवशी घरातील जाणता माणूस कदाचित कामावर गेलेला असेल.

मग पुढच्या खेपेस दिवे जातील तेव्हा घरात धावपळ होणार नाही. कोणीतरी विजेरी काढील, कोणीतरी खिडकीतून डोकावून सांगेल, "सगळ्यांचेच गेलेत," किंवा "आपलेच गेलेत." आणि पडलेल्या खटक्याकडे जाणारा हात त्याला वर ढकलण्यापूर्वी क्षणभर थांबेल, तो का पडला असेल, याचा विचार करण्यासाठी.